फोनवरून पैसे गेले तर पहिल्या तासात काय करावं

ओटीपी कुणाला सांगू नये, अनोळखी लिंक दाबू नये, हे आता शाळकरी पोरांनाही पाठ आहे. तरी दादरला आमच्या आजूबाजूच्या सोसायट्यांत आणि चाळींत अधूनमधून कुणी ना कुणी फसतंच, आणि मग माझ्या दाराची बेल वाजते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून अशा तक्रारी भरायला लोकांशेजारी बसणं हे माझं नेहमीचं काम झालं आहे. येणाऱ्यांत निवृत्त मुख्याध्यापिका असतात, सीए असतात, कॉलेजची मुलं असतात. 'सावध राहा' एवढं सांगून थांबणाऱ्या सल्ल्याचा मला राग येतो, कारण सावध माणसाचेही पैसे जातात. ते गेल्यावर काय करायचं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

आधी करून ठेवायची कामं एका रविवारी उरकतात. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते बघा. आपलं नसलेलं सिम तिथूनच कळवता येतं. आधारच्या अ‍ॅपमधून बायोमेट्रिक लॉक करा, म्हणजे तुमच्या ठशाची नक्कल वापरून खात्यातून कुणाला पैसे काढता येणार नाहीत. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्यांकडून वर्षातून एकेक पूर्ण क्रेडिट अहवाल फुकट मिळतो. दर तीन महिन्यांनी एकाचा काढला की तुमच्या पॅनवर कुणी कर्ज उचललंय का ते कळत राहतं. यूपीआयची रोजची मर्यादा खाली आणा. घरात म्हातारं माणूस असेल तर मोबाइलवरून एफडी मोडायची सोय बंद करता येते का, ते शाखेत विचारून घ्या. मोठ्या रकमा याच वाटेने जाताना मी पाहिल्या आहेत. लिव्ह अँड लायसन्सच्या एजंटाला आधारची झेरॉक्स द्यावी लागली तर मास्क्ड आधारची, म्हणजे नंबरचे फक्त शेवटचे चार आकडे दिसतात अशी, द्या, आणि तिच्यावर 'फक्त भाडेकरारासाठी', तारीख आणि सही असं छापील अक्षरांवरून आडवं लिहा. कोऱ्या समासात लिहिलेलं कापून टाकता येतं.

फोन आला तर ठेवून द्या. गॅसचं बिल थकलंय, आज रात्री वीज कापणार, पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले, क्राइम ब्रांचमधून बोलतोय, काहीही असो. व्हिडिओ कॉलवर कुणी 'डिजिटल अरेस्ट' करत नाही. आपल्या कायद्यात तशी अटकच नाही. समोरच्याला उलटे प्रश्न विचारून उघडं पाडू, असा मोह होतो. तो टाळा. हे लोक दिवसभर तेच करतात आणि बोलण्यात ते तुम्हाला भारी पडतील. बिल खरंच थकलंय का, ते बिलावर छापलेल्या नंबरवर विचारा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी), मग ती चलानाची असो की लग्नपत्रिकेची, उघडू नका.

आता मुख्य भाग. पैसे गेले.

इथे घरोघरी तेच घडताना मी बघतो. आधी अर्धा तास खात्यावर नजर लावून बसण्यात जातो, पुढचा अर्धा तास 'तुला सांगितलं होतं ना' यात. कुणी म्हणतं, सोमवारी बँकेत जाऊ. कुणी म्हणतं, आधी पोलीस स्टेशनला जाऊन एफआयआर करा. एखादा हुशार भाचा फोन फॉरमॅट करून टाकतो आणि त्याबरोबर सगळा पुरावा पुसून टाकतो. यातलं एकही पहिल्या तासात करायचं नाही. रागावायचं असेल तर संध्याकाळी रागवा. माणूस लाजेने गप्प बसला तर त्याच्याकडून तपशील निघत नाही, आणि त्या वेळी तपशीलच हवा असतो.

कारण पैसे थांबून राहत नाहीत. तुमच्या खात्यातून ते कुणाच्या तरी भाड्याने घेतलेल्या खात्यात जातात, तिथून काही मिनिटांत अनेक खात्यांत फुटतात, आणि शेवटी एटीएममधून रोख निघतात किंवा क्रिप्टोत जातात. १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तुम्ही व्यवहार नोंदवलात की ती माहिती पैसे ज्या बँकेत पोचले तिच्याकडे जाते. रक्कम तिथे असेल तर ती अडकवली जाते, पुढे सरकली असेल तर निरोप पुढच्या बँकेला जातो. हा माग व्यवहार क्रमांकावरून काढतात. तुमची कहाणी कितीही खरी असली तरी क्रमांकाशिवाय तिचा उपयोग नाही.

आमच्या मागच्या इमारतीतल्या मावशी आल्या तेव्हा पदराने तोंड पुसत पहिल्यापासून सांगायला लागल्या, "अहो भाऊ, तो इतका गोड बोलत होता..." मी म्हटलं, "मावशी, ते नंतर. आधी बँकेचा मेसेज उघडा." मेसेजमध्ये रक्कम होती, वेळ होती आणि तळाशी बारा आकडी संदर्भ क्रमांक. एका बिलाच्या मागच्या बाजूला तो चार-चारच्या गटांत लिहून काढला आणि मग १९३० लावला. हेच करा. फोन लावण्याआधी एका कागदावर बँकेचं नाव, खातं किंवा कार्डाचा नंबर, रक्कम, तारीख-वेळ आणि प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक लिहा. पाच वेळा पैसे गेले असतील तर पाच वेगळे क्रमांक लागतील. सगळ्यांची बेरीज सांगून भागत नाही. यूपीआयचा क्रमांक अ‍ॅपच्या हिस्टरीत व्यवहारावर टॅप केलं की दिसतो.

एपीके उघडली असेल किंवा स्क्रीन शेअर केली असेल तर तो फोन लगेच एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद करा, आणि पुढचं सगळं दुसऱ्याच्या फोनवरून करा. नाहीतर तुमचे ओटीपी चोराला मिळतच राहतील.

लाइन पुष्कळदा व्यस्त लागते. म्हणून दोन माणसं लागतात. एकाने १९३० लावत राहायचं, दुसऱ्याने तोवर राष्ट्रीय सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार भरायला घ्यायची. पोर्टलचा पत्ता हाताने टाइप करा: सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन. आणि बँकेचा कस्टमर केअर नंबर गूगलवर शोधू नका, हे मी हात जोडून सांगतो. शोधात वर येणारे नंबर चोरांनीच पेरलेले असू शकतात. घाबरलेला माणूस तिथे दुसऱ्यांदा लुटला जातो. नंबर कार्डाच्या मागे आणि पासबुकावर असतो.

१९३० वर कळवलं म्हणजे बँकेला कळवलं असं समजू नका. बँकेला वेगळं सांगायचं: कार्ड, यूपीआय, नेटबँकिंग बंद करा आणि तक्रार क्रमांक द्या. तो क्रमांक आणि वेळ त्याच कागदावर लिहा, शिवाय दोन ओळींचा ईमेल टाका. ही वेळ इतकी महत्त्वाची का, ते रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिलेल्या नियमांत आहे. चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याचीच असेल आणि बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तुम्ही कळवलं असेल, तर तुमचं दायित्व शून्य. चार ते सात कामाच्या दिवसांत कळवलं तर ते मर्यादित. ओटीपी तुम्ही स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे बँकेला फोन करायला जितका उशीर, तितका तुमचा भार जास्त.

इथे एक चुकीचा सल्ला सर्रास दिला जातो: 'ओटीपी दिला असं लिहूच नका.' माझा याला ठाम विरोध आहे. कुठल्या वेळी कुठला ओटीपी टाकला गेला, याची नोंद बँकेकडे असते. पहिल्या पत्रातली लपवाछपवी उघड झाली की पुढचं खरंही कुणी ऐकत नाही. घडलं ते सरळ, क्रमाने लिहा. तीस दिवसांत बँकेचं उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तिथे फी लागत नाही.

मेसेज, कॉलची यादी आणि चॅटचे स्क्रीनशॉट दुसऱ्या फोनवर घ्या. मग पोलीस स्टेशन. पोर्टलवरची पोचपावती म्हणजे एफआयआर नव्हे. मुंबईत विभागवार पाच सायबर पोलीस ठाणी आहेत, पण जवळच्या ठाण्यातही जाता येतं. 'आमची हद्द नाही' असं उत्तर मिळालं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली शून्य एफआयआर (हद्द कुठलीही असली तरी नोंदवता येणारा) घ्यायची विनंती करा, शांतपणे आणि लेखी. अडकवलेली रक्कम पुष्कळदा न्यायालयाच्या आदेशानेच सुटते, त्यासाठी तक्रार क्रमांक आणि तपास अधिकाऱ्याचं नाव जपून ठेवा.

काही आठवड्यांनी एक फोन येऊ शकतो: "तुमची रिकव्हरी मंजूर झाली आहे, फक्त प्रोसेसिंग फी भरा." बोलणाऱ्याला तुमची रक्कम, तारीख, बँक सगळं माहीत असेल, कारण फसलेल्यांची यादी चोरांकडेच असते. पैसे परत द्यायला १९३० फी मागत नाही, पोलीस मागत नाहीत, रिझर्व्ह बँकही मागत नाही. फोन ठेवा, तो नंबर संचार साथीवरच्या चक्षूमध्ये (संशयास्पद कॉल-मेसेज कळवायच्या सोयीत) नोंदवा आणि तपास अधिकाऱ्यालाही कळवा.