कार्ड मशीन कुणाकडून घ्यावं? आधी स्वतःची वही उघडा

इंदूरला राजवाड्याजवळ आमचं माहेश्वरी साड्यांचं दुकान आहे. कार्ड मशीनवाल्या कंपन्यांची माणसं सारखी येतात आणि जो तो 'आमचाच दर सगळ्यात कमी' म्हणतो. त्या दरावर जाऊ नका. साडी विकल्यावर खात्यात किती पैसे पडतात आणि कधी पडतात, ते बघा.

सुरुवात वहीपासून करा. मागच्या तीन महिन्यांची विक्री घेऊन क्रेडिट कार्ड, डेबिट कार्ड आणि यूपीआय असे तीन रकाने पाडा. रुपे डेबिट कार्ड आणि बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआयवर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही. बाकीच्या डेबिट कार्डांवर रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातली आहे. मागच्या आर्थिक वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल, तर मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के आणि एका व्यवहाराला २०० रुपयांच्या वर नाही. उलाढाल त्याहून मोठी असेल, तर ०.९० टक्के आणि १,००० रुपये. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही, म्हणून घासाघीस करायची ती तिथेच. यूपीआयला जोडलेल्या रुपे क्रेडिट कार्डाचा दरही निराळा विचारून घ्या.

आता हिशोब मांडा. समजा, १०,००० रुपयांची साडी क्रेडिट कार्डावर गेली आणि दर २ टक्के ठरला. २०० रुपये शुल्क, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३६. हातात आले ९,७६४. नियमित जीएसटी भरत असाल तर हे ३६ रुपये इनपुट क्रेडिटमध्ये, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून, वळते होतात, पण कंपोझिशनमध्ये, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायच्या छोट्या व्यापाऱ्यांच्या योजनेत, असाल तर गेलेच. हे शुल्क गिऱ्हाईकाच्या माथी मारू नका. डेबिट कार्डावर तर तशी परवानगीच नाही.

मग कंपनीकडून लेखी उत्तरं घ्या. मशीनचं भाडं किती? विक्री कमी झाली तर वेगळा दंड लागतो का? परदेशी आणि कंपन्यांच्या कार्डांना कोणता दर? मधेच मशीन परत केलं तर काय भरावं लागेल? ईएमआयचं व्याज कोण सोसणार? तोंडी आश्वासन धरू नका. कंपनी पेमेंट ॲग्रिगेटर, म्हणजे गिऱ्हाईकांचे पैसे आधी स्वतःकडे गोळा करून मग दुकानदाराला देणारी, असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या यादीत तिचं नाव शोधा.

पैसे जमा होण्याबद्दल खोदून विचारा. आमच्या एका जुन्या कंपनीने 'दुसऱ्या दिवशी' सांगितलं होतं. धनत्रयोदशीची विक्री मात्र सुट्ट्या उलटून गेल्यावर खात्यात आली आणि इकडे विणकरांचे पैसे द्यायचे राहिले. विणकरांचे ते फोन मला आजही आठवतात. रविवारी आणि सणाला काय होतं, गिऱ्हाईकाने बँकेत तक्रार केली तर रक्कम किती दिवस अडकते, हे करारातच लिहून घ्या.

शेवटी मशीन आठवडाभर दुकानात वापरून बघा, सही त्यानंतर. आमच्या जाड भिंतींच्या दुकानात गल्ल्यापाशी रेंज मिळत नव्हती, दाराशी यायची. गिऱ्हाईक पिन टाकून उभं आणि पडद्यावर चक्र फिरतंय, याने झालेला सौदा मोडतो. म्हणून सिम कोणत्या कंपनीचं, वाय-फायवर चालतं का, हे तपासा. हेल्पलाइनला दुपारी करू नका, शनिवारी संध्याकाळी सातला फोन लावा. माणूस किती वेळात बोलतो ते घड्याळ लावून बघा.