बारा व्होल्टला हलके समजू नका : गाडीत इन्व्हर्टर आणि चार्जर बसवताना या चुका टाळा

जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या गड्ड्यावर, म्हणजे होम मैदानावर, खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात आणि आषाढीच्या आधी पंढरपूरकडे निघालेल्या दिंड्यांबरोबर सामानाचे टेम्पो चालतात. या गाड्यांमध्ये अलीकडे एक वस्तू हमखास दिसते, ती म्हणजे बॅटरीच्या विजेची घरासारखी २३० व्होल्टची वीज करणारा इन्व्हर्टर. कोणाला त्यावर मिक्सर चालवायचा असतो, कोणाला भजनाचा ॲम्प्लिफायर, तर कोणाला चाळीस वारकऱ्यांचे मोबाइल चार्ज करायचे असतात. ही जोडणी करताना २३० व्होल्टच्या बाजूला सगळेच जपून हात घालतात, पण बॅटरीच्या बाजूला मात्र ‘बाराच व्होल्ट आहेत, काय होतंय’ असे म्हणून मिळेल ती वायर पिळून लावली जाते. गाडीतील जोडणीत जळण्याचे जे प्रकार होतात, त्यांचे मूळ बहुतेक वेळा याच वाक्यात असते.

बारा व्होल्टचा झटका बसत नाही, हे खरे. परंतु तार तापते ती व्होल्टमुळे नव्हे, तर अँपिअरमुळे, म्हणजे तिच्यातून वाहणाऱ्या प्रवाहामुळे. १००० वॅटचा भार घरातील २३० व्होल्टच्या लाइनवर साडेचार अँपिअरही घेत नाही. तोच भार १२ व्होल्टच्या बॅटरीवरून इन्व्हर्टरमार्फत चालवला, तर इन्व्हर्टरमधील घट धरून सुमारे १०० अँपिअर ओढले जातात. ट्रकच्या २४ व्होल्टच्या यंत्रणेत हा आकडा निम्मा होतो, म्हणून मोठ्या भाराला २४ व्होल्ट केव्हाही सोयीचे ठरते.

वायरीची चूक

सर्वांत जास्त दिसणारी आणि सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे बारीक वायर. बॅटरी पुढे बॉनेटखाली, इन्व्हर्टर मागे हौद्यात आणि मध्ये तीन मीटरचे अंतर, अशी नेहमीची मांडणी घेऊ. प्लस आणि मायनस मिळून सहा मीटर तांब्यातून वीज जाते. घरातल्या एसीला वापरतात ती ४ चौरस मिलिमीटरची वायर येथे लावली, तर तिचा रोध सुमारे ०.०२६ ओहम भरतो, आणि १०० अँपिअरला हिशेबाने २.६ व्होल्ट वायरीतच संपतात. बॅटरीवर १२.४ व्होल्ट असले तरी इन्व्हर्टरपर्यंत ९.८ पोहोचतात. साधारण साडेदहाच्या आसपास इन्व्हर्टर बंद पडत असल्यामुळे तो पिपाणी वाजवतो आणि थांबतो, मग मालक बॅटरीवाल्याकडे तक्रार घेऊन जातो. दरम्यान या वायरीत २६० वॅटची उष्णता तयार होत असते, म्हणजे पंचवीस वॅटच्या दहा सोल्डरिंग आयर्न गालिच्याखाली चालू ठेवल्यासारखे झाले. त्याच जागी ३५ चौरस मिलिमीटरची केबल असेल, तर घट ०.३ व्होल्टवर येते आणि उष्णता ३० वॅटवर.

सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तो त्याहून बराच चढतो. पीव्हीसी वेष्टनाच्या केबलची क्षमता तक्त्यांमध्ये बहुधा ३० अंश तापमान धरून दिलेली असते, त्यामुळे आपल्याकडे तो आकडा जसाच्या तसा घेऊ नये. सतत १०० अँपिअर लागणार असतील तर ३५ ऐवजी ५० चौरस मिलिमीटर घ्यावी, असे माझे मत आहे. केबल लवचीक, बहुतारी आणि शुद्ध तांब्याची असावी. वरून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते व तितकीच जाड दिसते, परंतु तिचा रोध तांब्याहून बराच जास्त असतो.

याहून शहाणपणाचा उपाय म्हणजे अंतरच कमी करणे. इन्व्हर्टरसाठी वेगळी बॅटरी असेल तर दोन्ही एकमेकांपासून मीटरभर अंतरात ठेवावीत, आणि लांब न्यायचीच असेल तर २३० व्होल्टची वायर न्यावी, कारण तिला चार-पाच अँपिअरच वाहायचे असतात. ‘जवळ’ याचा अर्थ मात्र ‘वर’ असा घेऊ नये. लेड-ॲसिड बॅटरीच्या डोक्यावर इन्व्हर्टर बसवला तर ॲसिडची वाफ त्याच्या पंख्यातून थेट सर्किटवर जाते.

फ्यूज कोणत्या टोकाला?

ही चूक माझ्याच टेम्पोत झाली होती. कारागिराने १२५ अँपिअरचा चांगला फ्यूज लावला, पण तो इन्व्हर्टरशेजारी लावला, कारण तेथे बदलायला सोपा पडतो. मीही मान डोलावली. पुढे काही महिन्यांनी मोहोळच्या अलीकडे जळका वास आला. पत्र्याच्या भोकातून आलेली केबल घासून उघडी पडली होती आणि बॉडीला टेकून ठिणग्या टाकत होती. फ्यूज शाबूत होता, आणि तो शाबूतच राहणार होता, कारण शॉर्ट त्याच्या आधी झाला होता. बॅटरीचा मायनस क्लॅम्प हाताशी होता आणि पाना सीटखाली होता, म्हणून टेम्पो वाचला.

फ्यूज इन्व्हर्टरला वाचवण्यासाठी नसतो, तो केबलला वाचवण्यासाठी असतो. इन्व्हर्टरच्या आत त्याचे स्वतःचे संरक्षण असते, पण केबलला दुसरे कोणी नाही. चांगली बॅटरी शॉर्ट झाली तर क्षणभर हजारांवर अँपिअर देते, म्हणून फ्यूज बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत असला पाहिजे. फ्यूजचा आकडा केबलच्या क्षमतेपेक्षा जास्त नसावा आणि इन्व्हर्टरच्या माहितीपत्रकात दिलेल्या आकड्याशी जुळावा. हे दोन्ही जुळत नसेल, तर केबल बारीक आहे असे समजावे. घरच्या बोर्डातील एसी प्रवाहासाठीचा एमसीबी (जादा प्रवाहाला आपोआप पडणारा स्विच) येथे चालत नाही, कारण बॅटरीच्या डीसी प्रवाहाची ठिणगी सहजासहजी तुटत नाही. लिथियम बॅटरी शॉर्टमध्ये अधिकच प्रचंड प्रवाह देऊ शकते, म्हणून तिला तेवढा प्रवाह तोडण्याची क्षमता असलेला फ्यूज लागतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी लावणाऱ्यांविषयी काही लिहिण्याची गरज नसावी.

पत्र्यातील प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट असावे आणि केबल फूटभर अंतरावर क्लॅम्पने धरलेली असावी. टोकाला तांब्याचा लग, म्हणजे नटाखाली बसणारी कडी, योग्य मापाच्या क्रिम्पिंग पक्कडने दाबलेला असावा. हातोडीने चेपलेला लग पहिल्या दिवशी घट्ट वाटतो, पण रस्त्याच्या हादऱ्यांनी तो सैल पडतो आणि सैल सांधा तापतो.

डॅशबोर्डवरील लायटर सॉकेटमधून इन्व्हर्टर चालवणे ही याच चुकीची धाकटी बहीण. त्या सॉकेटचा फ्यूज बहुधा १० ते १५ अँपिअरचा असतो, म्हणजे सव्वाशे-दीडशे वॅटपलीकडे तेथून काही मागू नये.

बॅटरी आणि चार्जर

गाडी सुरू करणारी बॅटरी दोन सेकंद जोर लावण्यासाठी बनवलेली असते, रात्रभर दिवे चालवण्यासाठी नव्हे. ती वारंवार निम्म्याच्या खाली उतरवली तर वर्षभरातच खराब होते. यावर उपाय म्हणून काहीजण घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्यूब्युलर बॅटरी गाडीत ठेवतात. खोल उतरणे तिला सोसते, पण गाडीचे हादरे व कलणे हे तिचे काम नव्हे, आणि तिच्या टोप्यांतून ॲसिड सांडते. त्याऐवजी गाडीसाठीच बनवलेली, खोल उतरणे सोसणारी सीलबंद बॅटरी घ्यावी, ती लोखंडी चौकटीत पट्ट्यांनी जखडावी आणि प्लस टर्मिनलवर रबरी टोपी असावी.

चार्ज होताना लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की एक ठिणगी पुरते. सीटखाली किंवा बंद पेटीत ठेवलेल्या बॅटरीला गाडीबाहेर जाणारी वाट वरच्या बाजूला दिली पाहिजे, कारण हा वायू वर चढतो. चार्जरचे चिमटे लावताना आधी चिमटे व मग मेन स्विच, आणि काढताना आधी स्विच बंद व मग चिमटे, हा क्रम एवढ्यासाठीच आहे.

चार्जरच्या बाबतीत आपल्या भागात जी गोष्ट सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते ती तापमान. चार्जिंगचा १४.४ व्होल्टचा प्रचलित आकडा २५ अंशांसाठी आहे. बॅटरी ४५ अंशांवर असेल तर तो सुमारे अर्ध्या व्होल्टने खाली यायला हवा, अन्यथा बॅटरी उकळते, पाणी पिते आणि सीलबंद असेल तर फुगते. म्हणून तापमानाचा सेन्सर असलेला चार्जर घ्यावा आणि तो सेन्सर खरोखर बॅटरीला चिकटवावा. डब्यात गुंडाळून पडलेले सेन्सर मी पुष्कळ पाहिले आहेत. प्रवाहाचा अंदाज साधा आहे : १०० अँपिअर-अवरच्या लेड-ॲसिड बॅटरीला १० अँपिअर पुरे. पाणी घालायचे ते डिस्टिल्डच, आणि ते पूर्ण चार्ज झाल्यावर. आरओचे पाणी म्हणजे डिस्टिल्ड पाणी नव्हे.

गाडी चालू असताना डायनमोवरून दुसरी बॅटरी भरण्यासाठी पूर्वी एक रिले, म्हणजे विजेने उघडझाप होणारा स्विच, पुरत असे. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांपैकी अनेकांत डायनमोचा व्होल्टेज संगणक ठरवतो आणि तो मध्येच खाली येतो. अशा गाडीत रिले वारंवार उघडझाप करतो व दुसरी बॅटरी अर्धीच भरते. तेथे डीसी-टू-डीसी चार्जर, म्हणजे डायनमोचा व्होल्टेज खाली-वर झाला तरी बॅटरीला हवा तेवढाच देणारा चार्जर, बसवावा. लिथियम बॅटरी असेल तर तो सक्तीचाच समजावा, कारण ती मिळेल तितका प्रवाह ओढून डायनमो तापवते. अशा गाड्यांच्या मायनस टर्मिनलवर बॅटरीची नोंद ठेवणारा सेन्सर असल्यास आपली मायनस केबल थेट टर्मिनलवर न लावता सेन्सरच्या पलीकडे, बॉडीच्या ठरलेल्या बिंदूवर लावावी. तसे न केल्यास आपण घेतलेली वीज त्याच्या हिशेबात येत नाही.

२३० व्होल्टची बाजू

येथे तीन गोष्टींची काळजी घ्यावी. बाहेरची लाइट आणि इन्व्हर्टरचे आउटपुट कधीही एकाच वायरीवर येता कामा नयेत. फेज व न्यूट्रल दोन्ही बदलणारा चेंजओव्हर हवाच. दुसरी गोष्ट हास्यास्पद वाटेल, पण घडते : चार्जरचा प्लग इन्व्हर्टरवरच्याच सॉकेटमध्ये राहतो, बॅटरी स्वतःलाच चार्ज करत बसते आणि दोन्हीकडच्या घटीमुळे काही तासांत रिकामी होते.

तिसरी गोष्ट गंभीर आहे. गाडी रबरी टायरवर उभी असते, जमिनीशी तिचा संबंध नसतो. अशा गाडीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, लावून त्याचे टेस्ट बटण दाबले, तो पडला, म्हणजे आपण सुरक्षित झालो, असा समज करून घेतला जातो. ते बटण अर्थिंग नसतानाही काम करते. इन्व्हर्टरचे न्यूट्रल त्याच्या अर्थशी आणि अर्थ गाडीच्या बॉडीशी जोडलेले असेल, तरच गळतीच्या वेळी आरसीसीबी पडेल. मात्र ही न्यूट्रलची जोडणी स्वतः करण्यापूर्वी माहितीपत्रक वाचावे. काही इन्व्हर्टरांत ती आतूनच केलेली असते, आणि घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर न देणाऱ्या स्वस्त मॉडिफाइड साइन वेव्ह प्रकारांत दोन्हीपैकी एकही तार खरी न्यूट्रल नसते. तेथे एक तार बॉडीला जोडली तर इन्व्हर्टर जळू शकतो. मोटर असलेल्या उपकरणांना गुळगुळीत लहर देणारा प्युअर साइन वेव्हच घ्यावा. शेंगाचटणी उखळात कुटावी की मिक्सरला लावावी हा वाद वेगळा. मिक्सरला लावायचीच असेल, तर सुरू होताना तो लिहिलेल्या वॅटच्या कित्येक पट ओढतो, एवढे ध्यानात ठेवून इन्व्हर्टरची क्षमता निवडावी.

बिघाड शोधताना

इन्व्हर्टर वाजतो आणि बंद पडतो, तेव्हा बॅटरी बदलण्यापूर्वी मल्टिमीटर हातात घ्यावा. भार चालू ठेवून एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरे इन्व्हर्टरच्या प्लसवर टेकवावे, मग तसेच मायनस ते मायनस पाहावे. प्रत्येक बाजूला ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर दोष केबलमध्ये, लगमध्ये किंवा टर्मिनलवरच्या पांढरट पुडीत आहे. भार काढल्यावर तासाभराने बॅटरी १२.६ च्या आसपास असेल तर ती भरलेली आहे, १२.१ च्या आसपास असेल तर निम्मी उतरली आहे.

दुपारी बंद पडणारा इन्व्हर्टर संध्याकाळी विनातक्रार चालत असेल, तर तो उष्णतेने थांबत आहे. त्याच्या चहूबाजूंची पोती-चादरी हलवाव्यात आणि पंख्यातील धूळ काढावी. रात्री काहीच चालू नसताना सकाळी बॅटरी उतरलेली दिसली, तर इन्व्हर्टर नुसता चालू राहिला होता का, ते विचारावे. रिकामा असतानाही तो एखादा अँपिअर घेतो, म्हणजे बारा तासांत बारा अँपिअर-अवर गेले. जोडताना शेवटच्या टर्मिनलवर एक ठिणगी उडते, ती इन्व्हर्टरमधील कपॅसिटर भरल्याची असते. तिला घाबरू नये, पण ती बॅटरीच्या तोंडाशी उडू देऊ नये.

काम सुरू करताना अंगठी व कडे काढून ठेवावे, आधी मायनस सोडावा आणि जोडताना मायनस सर्वांत शेवटी लावावा. नवी जोडणी महिनाभर चालल्यावर प्रत्येक नट पुन्हा आवळावा, आणि दहा मिनिटे पूर्ण भार दिल्यानंतर इन्व्हर्टर बंद करून प्रत्येक लगला हात लावून पाहावा. जो लग बाकीच्यांपेक्षा गरम लागेल, तो कापून नवा दाबावा, आणि हे काम गाडी पंढरपूरच्या वाटेला लागण्याआधी, घरासमोरच उरकावे.