ताऱ्यांच्या वर्तुळरेषा टिपताना

पुण्याहून चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या सहलीला जाताना पृथ्वीच्या फिरण्यामुळे छायाचित्रात उमटणाऱ्या ताऱ्यांच्या रेषा टिपायच्या असतील, तर अमावास्येच्या आसपासची निरभ्र रात्र निवडावी आणि छायाचित्रण मुक्कामाच्या आवारातूनच करावे. ज्याभोवती बाकीचे तारे फिरताना दिसतात, तो ध्रुवतारा चांदोली परिसरात उत्तर क्षितिजापासून जेमतेम १७ ते १८ अंश, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींपेक्षा किंचित कमी उंचीवर असतो. त्यामुळे उत्तरेला उंच डोंगर नसलेली जागा दिवसाउजेडीच हेरून ठेवावी, नाहीतर वर्तुळांचा केंद्रबिंदूच कड्याआड जातो. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवून संधिप्रकाशात डोंगररांगेचे एक छायाचित्र घ्यावे आणि नंतर तिपाईला अजिबात हात लावू नये. अंधार पडल्यावर एखाद्या ठळक ताऱ्यावर हाताने फोकस साधून तो तसाच ठेवावा व ३० सेकंदांची छायाचित्रे सलग घेत राहावीत. तासाभरात तारे १५ अंशच सरकतात, त्यामुळे डोळ्यात भरणाऱ्या रेषांसाठी दोन तास तरी हवेत. कॅमेऱ्यातील ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ (जास्त वेळ घेतलेल्या छायाचित्रातील दाणेदारपणा कमी करणारी सोय) आठवणीने बंद करावे, कारण त्यामुळे प्रत्येक छायाचित्रानंतर तेवढाच वेळ वाया जाऊन रेषा तुटक उमटतात. ही सर्व छायाचित्रे घरी आल्यावर संगणकावर एकत्र करता येतात.