नवतपा आणि ३७ अंशांचा इनक्युबेटर

एचके-२ या मानवी मूत्रपिंडाच्या पेशींवर सिस्प्लॅटिन हे कर्करोगाचं औषध तपासत होतो. दर सोमवारी तोच घोळ. प्लेटच्या ज्या वेलमध्ये (खळग्यात) औषध घातलंच नव्हतं, त्या कंट्रोलमधल्या पेशीही गोल होऊन तरंगायच्या, एमटीटीनंतर (या चाचणीत जिवंत पेशी जांभळा रंग देतात) रंग जेमतेम. मीडियम, म्हणजे पेशींचं पोषक द्रावण, बदललं, फरक शून्य. औषध विरघळवायला वापरतात त्या डीएमएसओचा प्रश्नच नव्हता. त्यात सिस्प्लॅटिन निकामी होतं, म्हणून सलाइनच वापरलं होतं.

शेवटी इनक्युबेटरच्या आत किमान-कमाल थर्मामीटर ठेवला. सोमवारी ३७ऐवजी कमाल ४१! शनिवारी संध्याकाळी कुणीतरी एसी बंद करून जायचं. नागपूरचा नवतपा, म्हणजे मेअखेरचं कडक ऊन, खोलीच चाळिशीपार. आणि आमचा इनक्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही.

एसीच्या बटणावर चिकटपट्टी मारली, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवलेल्या पेशींची नवी व्हायल (कुपी) काढली. पुढच्या सोमवारी कंट्रोल जांभळ्यागर्द. आधीच्या तीन प्लेटांचे आकडे वहीत खोडले.