साचलेल्या पाण्यातून गाडी काढायची असेल तर

समोर पाणी दिसलं की आधी गाडी बाजूला घ्या आणि दोन मिनिटं दुसऱ्यांच्या गाड्या बघा. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू द्या. आपल्याएवढीच गाडी त्या पाण्यातून गेली तर पाणी तिच्या चाकाला कुठवर लागतंय ते नीट बघा. बस किंवा ट्रक बघून अंदाज बांधू नका, फसगत होते. एकही गाडी जात नसेल तर चालणारी माणसं बघा. पाणी त्यांच्या घोट्यापर्यंत असेल तर जायला हरकत नाही. पोटरीच्या मध्यावर असेल तर दहा मिनिटं थांबून पाणी चढतंय की उतरतंय ते बघा. मुंबईत असाल तर भरतीची वेळही बघा, कारण भरती असताना पाऊस थांबला तरी पाणी समुद्रात जायला वाट नसते. गुडघ्याला लागत असेल तर गाडी वळवा.

गुडघ्याचा हिशोब उगाच नाही. छोट्या गाडीचा तळ रस्त्यापासून साधारण 16-17 सेंटिमीटर वर असतो आणि तळाचं क्षेत्रफळ सहा-सात चौरस मीटर. पाणी तळाच्या वर आणखी 15 सेंटिमीटर चढलं की गाडी जवळजवळ एक टन पाणी बाजूला सारते. गाडीचं स्वतःचं वजनही तेवढंच. म्हणजे आत पाणी शिरेपर्यंत ती होडीसारखी तरंगू लागते. इंजिन पुढे असल्यानं बहुधा मागची चाकं आधी उचलली जातात, आणि मग स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी उपयोग नसतो.

हे झालं साचलेल्या पाण्याचं. वाहत्या पाण्यात गाडी घालूच नये. गावाकडच्या फरशी पुलावरून पाणी जात असेल तर घोटाभर दिसलं तरी थांबा. गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की वाहून गेलाय, हे वरून कळत नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूलच पुरात गेला आणि दोन एसटी बससह वाहनं नदीत गेली. पाऊस धो धो असेल तर रात्रीचा प्रवास सकाळवर टाकावा, असं माझं मत आहे.

सबवेतही जाऊ नका. मुंबईतला मिलन, अंधेरी, खार, कुठलाही असो. उतारावर पाणी कमी दिसतं आणि मधोमध छाती बुडेल इतकं असू शकतं.

जायचंच ठरवलं तर आधी सेंट्रल लॉक काढा आणि काचा निम्म्या खाली घ्या. भिजलात तरी चालेल. 26 जुलै 2005 ला, सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी, मुंबईत बंद काचांच्या गाड्यांमध्ये अडकून माणसं गेली. एसी बंद करा, नाहीतर रेडिएटरचा पंखा पाण्यात फिरत राहतो.

पुढची गाडी पूर्ण बाहेर पडेपर्यंत आत शिरू नका, ती मधेच थांबली तर तुम्हीही थांबणार. पहिला गिअर टाका, क्लच पूर्ण सोडा, ॲक्सिलरेटरवर पाय एकसारखा ठेवा आणि माणसाच्या चालीनं जा. गिअर बदलू नका, पाय काढू नका. वेगानं गेलात तर लाट बोनेटवर येते आणि इंजिनाच्या हवेच्या तोंडात पाणी जातं. रस्त्याचा मध्य उंच असतो, म्हणून मधूनच चाला. कडेला गटारं आणि उघडी मॅनहोल असतात. पाण्याखाली डिव्हायडर कुठे आहे, ते खांबांवरून ओळखा.

गाडी मधेच बंद पडली तर चावीला हात लावू नका. हे मी स्वतःच्या पैशानं शिकलो. ठाण्यात गाडी बंद पडली आणि मी घाबरून तीनदा स्टार्टर मारला. तिसऱ्यांदा आतून ‘टक्’ असा आवाज आला आणि सगळं शांत. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं एअर फिल्टर काढून माझ्यासमोर धरला. भिजलेल्या वर्तमानपत्रासारखा लोंबत होता, थेंब गळत होते. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की त्याला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. माझे दोन वाकले होते. साध्या विम्यात हा खर्च बहुधा नाकारला जातो; त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर असतं. तुमच्या पॉलिसीत ते आहे का, हे पावसाळ्याआधी बघा. तेव्हा बंद पडली की इंडिकेटर लावा, उतरा, चार हात मिळाले तर ढकलून कडेला घ्या आणि टोचनवाल्याला बोलवा.

पाणी दारावर चढलं तर दार उघडत नाही, कारण बाहेरून दाब असतो. सीटबेल्ट काढा आणि खिडकीतून बाहेर पडा. काच अडली असेल तर सीटचा हेडरेस्ट उपसून त्याच्या लोखंडी दांड्यानं बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर मारा. पुढच्या काचेवर शक्ती घालवू नका. तिच्यात मधे प्लास्टिकचा थर असतो, तडे जातात पण ती फुटून मोकळी होत नाही.

सुखरूप बाहेर पडलात तर थोडं अंतर हळू चालवत ब्रेक हलके दाबत राहा, ओले ब्रेक धरत नाहीत. इंजिन ऑइलची पट्टी काढून बघा. तेल दुधाळ चहासारखं दिसलं तर गाडी तिथेच बंद करा. आत पाणी आलं असेल तर नुसते मॅट वाळत घालून भागत नाही, कार्पेटखालचा फोमही काढून वाळवावा लागतो. मी कंटाळा केला होता. तो कुबट वास गणपती येऊन गेले तरी गाडीत होता.