खळ्यात मूकपट दाखवायचा तर

मूकपट बघताना लोक जांभया देऊ लागले, तर दोष बहुतेक वेळा चित्रपटाचा नसतो, दाखवणाऱ्याचा असतो. पडद्यावरची माणसं दीडपट वेगाने तुरुतुरु पळतात, चेहरे आडवे ताणलेले असतात आणि मागे कुणीतरी नंतर चिकटवलेला, प्रसंगाशी देणंघेणं नसलेला पियानो वाजत राहतो. त्या काळच्या थिएटरात पडद्याजवळ वादक बसत आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी पाट्या, म्हणजे मधे मधे पडद्यावर येणारा लिखित मजकूर, मोठ्याने वाचणारा माणूसही असे. कोकणातल्या वाडीत पेटी, पखवाज आणि खणखणीत आवाजाचा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. बाकी तयारी करायची ती अशी.

रात्र आणि जागा

दिवाळीनंतर खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, नव्याने चोपून-सारवून तयार होतं, तिथपासून शिमग्यापर्यंतचा काळ घ्या. चाकरमानी मे महिन्यात येतात म्हणून तेव्हा खेळ ठेवण्याचा मोह होतो, पण मेमध्ये पावणेआठपर्यंत आकाशात उजेड रेंगाळतो आणि समुद्रावरचा वारा पडद्याचं शीड करतो. डिसेंबरात सातला मिट्ट काळोख असतो. साडेसातला सुरू करून सव्वानऊला संपवा. ध्वनिक्षेपक लावणार असाल तर परवानगी आधी काढा आणि रात्री दहाची मर्यादा पाळा.

कॅलेंडर बघूनच दिवस ठरवा. वद्य षष्ठीपासून शुद्ध तृतीयेपर्यंत खेळाच्या वेळेला चंद्राचा फारसा त्रास नसतो. त्रिपुरी पौर्णिमेला गाव जमलेला असतो हे खरं, पण चांदण्यात मूकपटातले करडे रंग धुऊन जातात आणि उरतो नुसता पांढुरका पडदा.

पडदा

दोन चादरी जोडून पडदा करू नका, मधली शिवण प्रत्येक नटाच्या तोंडावर येते. चादरीचं ९० इंची पन्ह्याचं पांढरं सुती कापड ९ फूट घ्या आणि आडवं लावा. त्यात ८ फूट रुंद आणि ६ फूट उंच चित्र बिनशिवणीचं बसतं. शंभरएक माणसांना तेवढं पुरतं. मागे काळं कापड किंवा गडद ताडपत्री ताणा, नाहीतर निम्मा उजेड आरपार शेजाऱ्याच्या माडांवर जातो. चित्राभोवती चार इंच काळी पट्टी शिवून घेतली तर चित्र उठून दिसतं. खर्च थोडा, फरक मोठा.

वरच्या आणि खालच्या दोन्ही कडांना नेफा शिवून त्यातून बांबू घाला. वरचा बांबू पोफळीच्या दोन खांबांना बांधायचा आणि खालचाही दोन्ही टोकांना खाली ओढून बांधायचा. खालची बाजू मोकळी सोडण्याची चूक हमखास होते. संध्याकाळी वारा पडलेला असतो म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, पण रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटला की पडदा श्वास घेतल्यासारखा आतबाहेर होतो.

प्रोजेक्टर

भाड्याने घेताना ३,००० ल्युमेन (हे उजेडाचं माप) किंवा त्याहून जास्त मागा. चित्र ६ फूट उंच हवं असेल तर १६:९ (रुंदी आणि उंचीचं प्रमाण) प्रोजेक्टरचा एकूण उजेड सुमारे पावणेअकरा फूट रुंद पडतो. मधल्या ८ फुटांत चित्र असतं आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे. थ्रो रेशो, म्हणजे पडद्यापासूनचं अंतर भागिले उजेडाची रुंदी, १.५ असेल तर प्रोजेक्टर पडद्यापासून १६ फुटांवर ठेवावा लागतो. हे अंतर दिवसाउजेडी मोजून खूण करून ठेवा.

माटवाच्या छपराखालीच ठेवा, उघड्यावर नको. आठनंतर दव पडायला लागतं, भिंग धुरकट होतं आणि लोकांना वाटतं फोकस गेला. पंधरा मिनिटं आधी यंत्र सुरू करून गरम होऊ द्या. उजेडाच्या झोतात किडे येतात, त्यावर साधा उपाय असा की खेळाआधी अर्धा तास पन्नासेक फुटांवर पडद्याच्या मागच्या बाजूला एक बल्ब लावून ठेवायचा. सगळे नाही, पण बरेच तिकडे जातात.

वीज जाणारच असं धरून चाला. दिव्याच्या प्रोजेक्टरला वीज गेल्यावरही पंखा चालू राहावा लागतो, नाहीतर तापलेला दिवा जातो. म्हणून मध्ये यूपीएस हवाच, निदान यंत्र रीतसर बंद करण्यापुरता.

आकार आणि वेग

सगळ्यात जास्त खेळ इथेच बिघडतात. मूकपटाचं चित्र साधारण ४:३ असतं, म्हणजे चौकोनाच्या जवळ जाणारं. प्रोजेक्टर किंवा लॅपटॉप ते रुंद पडद्यावर ताणून बसवतो आणि 'राजा हरिश्चंद्र'मधली सडपातळ तारामती गरगरीत दिसायला लागते. व्हीएलसी या संगणकावर चित्रपट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये 'ए' ही कळ दाबत गेलं की प्रमाण बदलतं. ४:३ आलं की थांबा. प्रोजेक्टरच्या मेनूमध्येही ताणण्याची सोय असते, ती बंद करा.

आता वेग. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी (फ्रेम) असतात. हजार फुटांचं रीळ सेकंदाला १६ चौकटींनी चाललं तर १६ मिनिटं ४० सेकंद पुरतं. तेच २४ चौकटींनी चालवलं तर ११ मिनिटं ७ सेकंदांत संपतं. २४ हा वेग बोलपटांबरोबर पक्का झाला. त्याआधी कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालवत, त्यामुळे वेग चित्रपटागणिक, कधी प्रसंगागणिक बदले. संगणकावरच्या बऱ्याच जुन्या प्रती सरळ २४ ने उतरवलेल्या असतात, म्हणून ती पळापळ.

व्हीएलसीत खालच्या पट्टीवर १.०० असा आकडा दिसतो, तिथे वेग बदलता येतो. मूळ चित्रण १६ चौकटींचं असेल तर ०.६७, १८ चं असेल तर ०.७५, २० चं असेल तर ०.८३ ठेवा. मूळ आकडा माहीत नसला तर माणसांकडे न बघता पाण्याकडे बघा. दादासाहेब फाळक्यांच्या 'कालिया मर्दन'मध्ये यमुनेत उडी पडते तेव्हा उडालेलं पाणी खाली यायला किती वेळ लागतो ते पाहा. धूर आणि घोड्याची दौडही चालते. नटाची चाल फसवते, कारण तो अभिनय करत असतो; पाणी करत नाही.

विनोदी चित्रपटांना हा नियम तसाच लावू नका. बस्टर कीटन किंवा चॅप्लिनच्या पळापळीत कॅमेरा मुद्दाम हळू फिरवलेला असतो, म्हणजे पडद्यावर हालचाल जलद दिसावी. ती पूर्ण 'दुरुस्त' केली की विनोद मेला. अलीकडे जीर्णोद्धार झालेल्या प्रतींचा वेग आधीच ठरवलेला असतो, त्यांना हात लावू नका.

काय दाखवायचं

एकूण दीड तासाच्या वर जाऊ नका. आपल्याकडे मूकपट हजाराच्या वर निघाले आणि फार थोडे टिकले. ज्वालाग्राही नायट्रेट फिल्म, आगी, दमट हवा आणि चांदी काढण्यासाठी वितळवलेली रिळं, सगळ्यांनी आपापला वाटा उचलला. म्हणून जे उरलंय त्यातूनच निवड करावी लागते.

सुरुवातीला 'राजा हरिश्चंद्र'चा उपलब्ध भाग घ्या. तारामती अण्णा साळुंक्यांनी केली हे आधी सांगा. पुढे १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही तेच. शहरातल्या प्रेक्षकाला याचं नवल वाटतं, दशावतारात पुरुषांनी केलेल्या स्त्रीभूमिका बघत वाढलेल्या प्रेक्षकाला नाही. तो लगेच पदर सांभाळण्यातल्या खुब्यांवर बोलायला लागतो. मग १९१९ चा 'कालिया मर्दन'. कृष्ण झाली आहे फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी. आरंभी ती वेगवेगळे मुद्राभाव करून दाखवते आणि त्यानंतर कृष्ण होते. तो भाग कंटाळवाणा म्हणून कापू नका. मुलं त्यावरच सगळ्यात जास्त हसतात. शेवटी कीटनचा १९२० चा 'वन वीक' घ्या. दोन रिळांचा आहे, आणि वाऱ्यात भोवऱ्यासारखं फिरणारं घर कोकणातल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षांचा असतो, त्यामुळे मूळ मूकपट मोकळे आहेत. मात्र नव्या प्रतींना जोडलेलं संगीत नवं असतं आणि त्याचे हक्क वेगळे. १९२९ च्या 'प्रपंच पाश'ची जीर्णोद्धार केलेली प्रत नितीन सोहनींच्या संगीतासह आली, ती विचारल्याशिवाय लावता येणार नाही.

पेटी आणि पखवाज

लॅपटॉपचा आवाज पूर्ण बंद. दशावतारी वादक मिळाले तर उत्तमच, कारण लिहिलेल्या संहितेशिवाय प्रसंग बघून वाजवण्याची त्यांना सवय असते. पण जत्रांचा हंगाम लागला की ते रोज कुठल्यातरी गावात असतात. भजनी मंडळाचे बुवा आणि पखवाजी तुलनेने मोकळे सापडतात, हरिनाम सप्ताह तेवढा टाळा.

वादकांना पडद्याच्या डाव्या बाजूला, पडदा तिरका दिसेल असं बसवा. पडद्याखाली बसवलं तर त्यांना चित्र दिसत नाही. प्रोजेक्टरचं टेबल आणि पखवाज एकाच लाकडी मंचावर ठेवू नका, प्रत्येक थापेला चित्र हलतं.

चित्रपट वादकांना दोनदा दाखवा आणि कागदावर वेळा लिहून द्या: कुठे प्रवेश, कुठे पाठलाग, कुठे शोक. सुराची पट्टी संपूर्ण खेळभर एकच ठेवा. पाठलागाला केरवा ताल, पण सुरुवातच दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, केली तर शेवटी वाढवायला जागा उरत नाही. ठायीत, म्हणजे संथ लयीत, सुरू करा. शोकाला नुसती पेटी, पखवाज बंद. सगळ्यांच्या ओळखीची सिनेमाची गाणी वाजवू नका; लोक गुणगुणायला लागतात आणि पडदा विसरतात. प्रत्येक पडण्या-आपटण्याला झांज मारण्याची हौसही दाबा. खेळात दोन-तीन वेळा सगळी वाद्यं पूर्ण थांबू द्या. कालिया वर येण्याआधीचे काही क्षण त्यासाठी राखून ठेवा.

पाट्या

इंग्रजी पाट्या आधी उतरवून त्यांची मराठी वाक्यं करा. प्रत्येक वाक्याला क्रमांक आणि वेळ घाला. एका पाटीला आठ-दहा शब्दांच्या वर जाऊ नका, नाहीतर वाचणारा बोलत राहतो आणि चित्र पुढे जातं. वाचणाऱ्याला वादकांशेजारी बसवा, हातात लहान टॉर्च आणि तिच्यावर लाल कागद. विनोदी चित्रपटाच्या पाट्या मालवणीत केल्या तर खळ्यात फार रंगतात, पौराणिकाला मात्र साधी मराठी बरी. वाचणाऱ्याने मधे मधे स्वतःचं भाष्य करू नये हे त्याला स्पष्ट सांगा. तो तरीही करणारच.

खेळ संपल्यावर पडदा लगेच घडी करून पेटाऱ्यात टाकू नका. दवाने तो ओलसर असतो आणि पुढच्या दिवाळीला उघडला की बुरशीचे काळे ठिपके निघतात. दुसऱ्या दिवशी दहानंतरच्या उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा, मग पाईपवर गुंडाळून जुन्या धोतरात बांधा आणि माळ्यावर आडवा ठेवा.