काचेच्या जुन्या पाटीचा छाप आधी घ्या

जळगाव-धुळ्याकडच्या जुन्या पेढीवरची, मागून रंगवलेली काचेची पाटी पुसायला घेतली की सोनेरी अक्षरंच फडक्याला लागून येतात. म्हणून आधी छाप.

१. पाटी उभीच ठेवून समोरून बटर पेपर लावा, मऊ पेन्सिलीने अक्षरांच्या कडा गिरवा.
२. नवी पाटीही मागूनच रंगवायची, म्हणून अक्षरं उलटी लागतात; तोच कागद पालथा करून नव्या काचेखाली ठेवला की ती आयती मिळतात. आकडेमोड नको, आरसा नको!
३. पुसायची फक्त समोरची बाजू. पाणी कापडावर घ्या, काचेवर शिंपडू नका. अक्षरांचा सोनेरी वर्ख बहुधा जिलेटिनने चिकटवलेला असतो, कडेने ओल शिरली की सुटतो.

मागच्या रंगाला चिकटपट्टी अजिबात लावू नका. आणि खानदेशी मे महिन्याच्या उन्हात पाटी वाळवायला नको, रंगाचे पापुद्रे निघतात.